सुटलेला नित्यक्रम आणि प्रसेनजिताचा अखेरचा घास

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाच्या निमित्ताने विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. याच काळात काही उपासक-उपासिका देहाचाही एखादा नियम करतात. कोणी पहाटे चालावयास जातो, कोणी रात्रीचे जेवण लवकर उरकतो, कोणी चहातील साखर सोडतो. वजन दोन-चार किलोंनी उतरते, अंगाला हलकेपणा येतो. पुढे वर्षावास संपतो, लग्नसराई येते, पाहुणे येतात. एक दिवस चालणे चुकते, मग आठवडा चुकतो आणि फाल्गुनापर्यंत उतरलेले वजन परत आलेले असते. त्यानंतर मनात बसते ते एकच वाक्य : 'हे आपल्याच्याने होणे नाही.' या वाक्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बीड जिल्ह्यातील वाचकांना याचे एक उदाहरण जवळच सापडेल. मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार हे वीरशैव संत मन्मथस्वामी यांच्या समाधीचे स्थान आहे. पावसाळ्यात तेथील धबधबा पाहण्यासही लोक जातात. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेसाठी मराठवाड्याच्या अनेक गावांतून तेथे पायी दिंड्या येतात. श्रद्धेचा विषय ज्याचा त्याचा. येथे पाहावयाचे आहे ते चालणे. दिंडीत साठीच्या घरातील माणसेही रोज काही कोस चालतात. तीच माणसे घरी परतली की कोपऱ्यावरच्या दुकानात जाण्यासाठी मोटारसायकल काढतात. आठ दिवसांत त्यांच्या पायांतील शक्ती नाहीशी होत नाही आणि निश्चयही मेलेला नसतो. दिंडीत चालण्याची वेळ ठरलेली होती, पुढे मुक्काम होता, शेजारी सोबती होता, न चालणाऱ्याला विचारणारे कोणीतरी होते. घरी यांपैकी काहीच उरत नाही. ज्याला आपण स्वतःची इच्छाशक्ती समजतो तिचा मोठा भाग असा भोवतीच्या व्यवस्थेत राहत असतो. व्यवस्था मोडली की इच्छा निराधार होते आणि माणूस दोष मात्र स्वभावाला देतो.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि वीस वर्षांवरील ३९.५ टक्के व्यक्तींच्या पोटावर प्रमाणाबाहेर चरबी आहे. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीच्या कमरेचा ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते. ज्या घरांतील वडीलधाऱ्यांनी उन्हात मजुरी केली, त्या घरांतील मुले आज कचेरीत, शाळेत, बँकेत बसून काम करतात. ही प्रगती कष्टाने मिळविलेली आहे. परंतु श्रमाच्या काळातील जेवणाचे माप बैठ्या कामातही तसेच राहिले, तर त्याची किंमत शरीर चुकविते. उलटपक्षी, थोड्या यशाचे मोलही मोठे आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन घटविण्याचे आणि आठवड्यास १५० मिनिटे व्यायामाचे ध्येय देण्यात आले होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांप्रमाणे त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ८० किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलोच होत.

या विषयावरील एक अतिशय जुना वृत्तान्त पाली साहित्यात आहे. संयुत्तनिकायातील कोसलसंयुत्तात दोणपाक नावाचे एक लहान सुत्त आहे. कोसलाधिपती प्रसेनजित राजा द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा तो असाच जेवून, धापा टाकीत तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही, उपवासही सांगितला नाही. स्मृती जागी ठेवून जेवणाऱ्याचे, अन्नाची मात्रा ओळखणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि त्याला वार्धक्य हळूहळू येते, या आशयाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा शिकून घेण्यास व आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणण्यास सांगितले, आणि त्यासाठी रोज शंभर कार्षापणांचे वेतन लावून दिले. क्रमाक्रमाने राजाचा आहार एका नाळीभर भातावर स्थिर झाला. प्राचीन मोजमापाप्रमाणे सोळा नाळींचा एक द्रोण होतो.

अट्ठकथेने या प्रसंगात एक महत्त्वाचा तपशील पुरविला आहे. गाथा जेवणाच्या आरंभी म्हणावयाची नव्हती. राजा शेवटचा घास उचलील तेव्हा ती म्हणावयाची. ती ऐकून राजाने तो घास ठेवून द्यावयाचा, आणि पुढच्या वेळी तेवढेच तांदूळ कमी शिजवावयाचे. म्हणजे एका दिवसात कमी झाला तो एक घास.

या वृत्तान्तातून तीन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे, राजाने आपल्या निश्चयावर विसंबून न राहता आठवण देणारा माणूस नेमला. मोह जेव्हा आणि जेथे होतो, तेव्हा आणि तेथेच आठवण पोचावी अशी ही योजना होती. दुसरी म्हणजे, घट इतकी लहान होती की तिच्याविरुद्ध बंड करण्याचे शरीराला कारण उरले नाही. तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सुदस्सन रोज येत होता. काल राजाने काय खाल्ले यावर आजची गाथा अवलंबून नव्हती. एखाद्या दिवशी राजाने तो घास ठेवला नसता, तरी दुसऱ्या जेवणाला गाथा होतीच. या योजनेत परतण्याची वाट प्रत्येक जेवणाला उघडी होती.

आपण नेमके याच्या उलट करतो. एका लग्नात बुंदीचे दोन लाडू खाल्ले की 'आजचा दिवस गेलाच' असे म्हणून तिसरा खातो, आणि 'आता सोमवारपासून' असे ठरवितो. मानसशास्त्रज्ञांनी ही प्रवृत्ती प्रयोगाने दाखविली आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना आधी मिल्कशेक पाजून नंतर आइस्क्रीम हवे तेवढे खाण्यास दिले. एरवी आहारावर बंधन ठेवणाऱ्यांनी मिल्कशेक प्याल्यानंतर आइस्क्रीम कमी न खाता अधिक खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आता राखावयाचे काय, असा हा हिशेब असतो. सल्ल सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराला झालेले दुःख हा पहिला बाण आणि त्यावर मनाने केलेला शोक हा दुसरा. लाडू हा पहिला बाण मानला, तर त्याने होणारी हानी थोडी असते. स्वतःला नालायक ठरविणे हा दुसरा बाण होय, आणि महिनोन् महिन्यांची हानी होते ती त्याने.

वजन परत वाढण्यास शरीराचाही हातभार असतो. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, आहार फार कमी करून वजन घटविलेल्या लोकांमध्ये भूक वाढविणारी संप्रेरके वर्ष उलटल्यावरही चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेली होती. ज्याला पूर्वीपेक्षा अधिक भूक लागते तो हावरट असतोच असे नाही. त्याचे शरीर गेलेले वजन परत मागत असते. हे ठाऊक असले की अपराधभाव कमी होतो आणि उपाय सुचू लागतो.

दुसऱ्या टोकाचा धोकाही ओळखला पाहिजे. नियम सुटल्याचे प्रायश्चित्त म्हणून काही जण एकदम दोन-दोन दिवस उपाशी राहतात, पहिल्याच पहाटे पाच किलोमीटर धावतात. सोण हा श्रीमंत घरातील तरुण भिक्षू झाला आणि राजगृहाजवळ चंक्रमण करताना त्याने पायांतून रक्त येईपर्यंत परिश्रम केले. एवढे करूनही साध्य होईना, तेव्हा घरी परत जावे असा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो. सोणाला परत फिरावेसे वाटले ते आळसाने नव्हे, अतिश्रमाने. नियम सोडणाऱ्यांपैकी पुष्कळांची गोष्ट हीच असते. स्वतः सिद्धार्थांनीही देहदंडाचा मार्ग निष्फळ ठरल्यावर अन्न ग्रहण केले, हे येथे विसरता कामा नये.

परतणे म्हणजे पराभवाची कबुली, ही समजूत तर आपल्या आचारालाच धरून नाही. आपण पंचशील एकदाच घेऊन थांबत नाही. दर पौर्णिमेला, दर कार्यक्रमात त्याचे पुन्हा समादान करतो. शीलाला सिक्खापद, म्हणजे शिकण्याचे पद म्हटले आहे. शिकणारा चुकतो, हे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे. पुनःपुन्हा घेण्याची रीत आहे याचा अर्थच असा की, सुटलेले पुन्हा धरणे हा साधनेचा नित्याचा भाग आहे. आधुनिक निरीक्षणही याला दुजोरा देते. लंडनमध्ये ९६ स्वयंसेवकांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागल्याचे आढळले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या क्रियेत विशेष फरक पडला नाही.

आता आचरणाचा विचार करू. नित्यक्रम सुटला असेल त्याने 'मी असा का' हा प्रश्न सोडून 'काय सुटले' हा प्रश्न विचारावा. सोबत्याची बदली झाली काय? कामाची पाळी बदलली काय? थंडीत पहाट नकोशी झाली काय? जी व्यवस्था मोडली तीच आधी दुरुस्त करावी. पहाट जमत नसेल तर सायंकाळ धरावी.

आरंभ मागच्या मापाच्या चौथ्या हिश्श्याने करावा. तासभर चालणाऱ्याने पंधरा मिनिटे चालावे. आहारात एकच गोष्ट निवडावी. दिवसात सहा कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम साखर व २४० कॅलरी होतात. येथे चमचा अर्धा करणे हाच आपला अखेरचा घास होय. भाकरी, वरण, भाजी सोडून देण्याचे कारण नाही; ताटातील माप आणि दोन जेवणांमधील फरसाण पाहावे.

आपला सुदस्सन आपण नेमावा. यात मर्म आहे. तो राजाने स्वतः नेमला होता आणि त्याच्या मुखी ठरलेले शब्द होते. न विचारता पत्नीने, पतीने वा मुलाने चारचौघांत टोचून बोलणे ही आठवण नव्हे. तो दुसरा बाण होय. ज्याच्यापुढे सारा कोसल देश नमत होता, त्याने एका पोराकडून आठवण करून घेण्यात कमीपणा मानला नाही. मधुमेहाने पीडित असलेल्या बाबासाहेबांच्या पथ्यपाण्याची काळजीही १९४८ च्या विवाहानंतर डॉ. सविता आंबेडकर घेत असत. साहाय्य घेणे हे दुर्बलतेचे लक्षण नाही.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पाहावे. शरीरातील पाण्यामुळे किलो-दीड किलोचा चढउतार होतच असतो. अमेरिकेत १९९४ पासून, किमान साडेतेरा किलो वजन घटवून ते वर्षभर टिकविणाऱ्यांची नोंद ठेवली जाते. त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक नियमित वजन पाहतात आणि रोज सुमारे तासभर चालण्यासारखा व्यायाम करतात. पौर्णिमा हा महिन्याचा आढावा घेण्यास चांगला दिवस आहे. परंतु परतण्यासाठी पौर्णिमेची वाट पाहू नये. त्यासाठी पुढचे जेवण पुरेसे आहे.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. इन्सुलिन अथवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी व हृदयविकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून आहार घटवू नये. प्रयत्नावाचून वजन घटत असेल, तर आनंद न मानता तपासणी करून घ्यावी. ज्या घरात मुलांना व स्त्रियांना पोटभर मिळत नाही, तेथे मात्रा ओळखणे म्हणजे त्यांच्या ताटात अधिक वाढणे होय.

सुत्ताच्या शेवटी राजा आपल्या सडपातळ झालेल्या अंगावरून हात फिरवितो आणि तथागतांनी या लोकीचे व पुढचे अशी दोन्ही हिते साधून दिल्याचे कृतज्ञतेने बोलून दाखवितो. असा दिवस त्याला पाहावयास मिळाला, कारण प्रत्येक जेवणाला ती गाथा पुन्हा म्हटली गेली. ज्यांचा नित्यक्रम सुटला आहे त्यांनी आज रात्रीच्या जेवणात एक घास ठेवावा, आणि उद्या सोबत्याला हाक मारून पंधरा मिनिटे चालून यावे.