शेतकऱ्याची निरवानिरव

पुढच्या हंगामाचे बियाणे राखून ठेवणारा आमचा शेतकरी आपल्या पश्चात जमिनीचे काय व्हावे, हा विचार मात्र कटाक्षाने टाळतो. घरात मृत्युपत्राचा विषय काढणे म्हणजे अभद्र बोलणे, असा समज आहे. परिणामी बापाच्या तेराव्यास एका पंक्तीस जेवणारे भाऊ वर्षश्राद्धाच्या आत दिवाणी कोर्टाची पायरी चढतात. अशा कज्जांवर वकिलांच्या चुली पेटतात, हे आम्ही जाणून आहो व जाणूनच लिहीत आहो.

वाटण्या कोणास चुकल्या नाहीत. डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली, तेव्हा 1771 साली सरासरी 40 एकर असलेले खाते 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आल्याचे आढळले. महाराष्ट्रातील सरासरी वहिती खाते 1970-71 साली 4.28 हेक्टर होते. 2015-16 च्या कृषिगणनेत ते 1.34 हेक्टर भरले. जमीन जितकी थोडी, तितकी तिची व्यवस्था काळजीपूर्वक व्हावयास हवी.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. परकीय अमदानीत 1937 साली हिंदु विधवांस मिळकतीत हक्क देणारा कायदा झाला. पण तो शेतजमिनीस लागू नाही, असा निर्णय 1941 साली फेडरल कोर्टाने दिला. म्हणजे शेतकऱ्याच्या विधवेस जेथे हक्क हवा होता, तेथेच तो नव्हता. स्वराज्यात 1956 साली हिंदु वारसा कायदा आला. महाराष्ट्राने 1994 साली व केंद्राने 2005 साली मुलीस जन्मतः सहदायाद केले. 2005 साली बाप हयात असो वा नसो, हा हक्क अबाधित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी ठरविले. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी कायदेशीर झालेल्या वाटण्या त्याने मोडत नाहीत. एक उदाहरण घ्या. बाप, आई, दोन मुलगे व एक मुलगी. वडिलोपार्जित दहा एकर. आमच्या प्रांतातील शास्त्राप्रमाणे वाटणीच्या वेळी आईसही हिस्सा असल्याने प्रत्येकी दोन एकर येतात. बाप मृत्युपत्र न करता वारला व त्याची आई हयात नसली, तर त्याचे दोन एकर चौघांत वाटले जाऊन प्रत्येकास अडीच एकर मिळतात. मुलगी व आई यांचा वाटा मुलाच्या वाट्याहून गुंठाभरही कमी नाही. (मुसलमान, ख्रिस्ती व आदिवासी बंधूंचे वारसानियम निराळे आहेत, त्यांनी ते स्वतंत्रपणे समजून घ्यावेत.)

परंतु पार्लमेंटाने दिलेला हा हक्क चावडीपर्यंत पोहोचताना वाटेतच गळतो. थोरल्या भावाचे नाव 'एकत्र कुटुंब कर्ता' म्हणून लागते, विधवा व बहिणी 'इतर हक्क' या रकान्यात लोटल्या जातात, आणि पुढच्या पिढीस थोरल्याची मुले स्वतःस धनी समजू लागतात. येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे: सातबारा हा सारावसुलीचा कागद आहे, मालकीचा दस्त नव्हे. त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानतात, इतकेच. त्यावर नाव लागल्याने कोणी मालक होत नाही व नाव नसल्याने कोणाचा हक्क बुडत नाही. असे असले तरी पीककर्ज, विमा वा नुकसानभरपाई मागावयास गेलेल्या विधवेस प्रथम सातबाराच विचारला जातो. 2025 साली मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी सरकारास 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली, यावरून किती खाती मृतांच्या नावे पडून होती याची कल्पना यावी.

याहून वाईट प्रकार हक्कसोडपत्राचा. भाऊबीजेची ओवाळणी टाकून बहिणीची सही घ्यावयाची, आणि ती कशावर केली हे तिला वर्षांनी कळावयाचे! स्वखुशीने हक्क सोडणारीस कोणी अडवू नये. पण दस्त तिला वाचून दाखविल्यावाचून व सोडत असलेल्या जमिनीची किंमत सांगितल्यावाचून घेतलेली सही ही माया नव्हे, लबाडी आहे.

मुलींस वाटा दिला तर जमिनीचे तुकडे होतील, असे कित्येक म्हणतात. दोघा भावांनी बांध घालून शेताची चिरफाड केली तेव्हा ही चिंता कोठे होती? हिस्सा निराळा व तुकडा निराळा. जो शेत कसतो त्याने जमीन ठेवावी व इतरांस रास्त मोबदला द्यावा. वारसा कायद्याचे 22 वे कलम हिस्सा विकत घेण्याचा पहिला मान सहवारसांसच देते.

तेव्हा कर्त्या पुरुषाने हयातीतच पुढील गोष्टी कराव्यात. वडील-आजोबांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद राहिली असल्यास ती लगेच करून घ्यावी. जमीन महसूल संहितेप्रमाणे ही वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते. सर्व सहधारक राजी असल्यास संहितेच्या 85 व्या कलमान्वये तहसीलदाराकडून वाटप करून घ्यावे. मृत्युपत्र लिहावे, त्यास स्टॅम्प लागत नाही व नोंदणी सक्तीची नाही, तरी ती केलेली बरी. दोन साक्षीदारांनी मृत्युपत्रकर्त्याच्या समक्ष सही केलीच पाहिजे; ते वयाने लहान असावेत, कारण पुढे कोर्टात साक्ष देण्याची वेळ त्यांच्यावर येते. वडिलोपार्जित मिळकतीत केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र चालते, हे विसरू नये. जमीन मुलांच्या नावे करून द्यावयाची झाल्यास आपल्या पालनपोषणाची अट दस्तातच घालावी. मग 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे 23 वे कलम पाठीशी उभे राहते. सोसायटीचे कर्ज, हातउसने व विहिरीतील पाण्याच्या पाळ्या यांची यादीही त्याच कागदासोबत ठेवावी.

हे सर्व घरातल्या बायकांस व मुलींस समोर बसवून करावे. मागे एकर किती ठेवले यापेक्षा त्यांवर कज्जा ठेवला की नाही, यावरून त्याच्या कर्तेपणाची परीक्षा होणार आहे.