चला, सोलापूरच्या लग्नाला!

सोलापूर स्टेशनवर उतरणारा प्रवासी सहसा सोलापूर पाहायला आलेला नसतो. तो पंढरपूरला निघालेला असतो, नाही तर तुळजापूरला. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला, नाही तर विजापूरचा गोलघुमट पाहायला. स्टेशनबाहेर कपभर चहा घ्यावा, दोन चादरी आणि चार टॉवेल काखोटीला मारावेत आणि पुढची एस. टी. गाठावी, एवढाच त्याचा आणि आमच्या गावाचा संबंध. बरे, यात त्याचा तरी काय दोष? 'इथे पाहण्यासारखं काय आहे हो?' हे वाक्य पाहुण्याच्या तोंडून निघण्यापूर्वी आम्ही सोलापूरकरच ते म्हणून टाकतो!

माझा एक जुना विद्यार्थी सध्या स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला नोकरी करतो. वर्गात असताना निबंधाच्या चार ओळी लिहायला त्याला घाम फुटे. पण परदेशी गेलेल्या माणसाला मराठी पुरवून पुरवून वापरावी लागत असल्यामुळे की काय, आता तो मला लांबलचक पत्रे धाडतो. एका पत्रात त्याने तिकडच्या उन्हाळी सणाचे वर्णन केले होते. जूनच्या १९ ते २५ तारखांच्या दरम्यान जो शुक्रवार येईल, त्या दिवशी 'मिडसमर'चा सण. पानाफुलांनी मढवलेला एक उंच खांब उभारायचा, डोक्यावर फुलांच्या वेण्या घालायच्या, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी त्या खांबाभोवती हात धरून नाचायचे. मध्येच बेडकासारख्या उड्यासुद्धा मारायच्या! स्टॉकहोमच्या स्कान्सेन या १८९१ साली उघडलेल्या संग्रहालयात हा सोहळा पाहायला देशोदेशीचे प्रवासी जमतात. फिनलंडमध्ये हेलसिंकीजवळच्या बेटावर त्याच सुमारास मोठाल्या होळ्या पेटतात. डेन्मार्कमध्ये २३ जूनच्या रात्री होळीवर गवताची चेटकीण बसवून जाळतात.

त्याच पत्रात त्याने एक गंमतही सांगितली होती. पुष्कळसे प्रवासी ऐन सणाच्या दिवशी राजधानी पाहायला म्हणून येतात आणि दुकानांना कुलपे पाहून हिरमुसतात. कारण शहरातली मंडळी त्या दिवशी आपापल्या खेड्यावर, तळ्याकाठी गेलेली असतात. "सर, गाव कुठे आहे यापेक्षा गाव केव्हा आहे हे विचारायला हवं," असे त्याने लिहिले होते.

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. उत्तरेकडच्या त्या लोकांना सूर्य दुर्मिळ. डिसेंबरात स्टॉकहोमला दुपारी तीन वाजायच्या आत दिवस मावळतो. म्हणून तो मुक्कामाला आला की त्यांचा आनंद गगनात मावत नाही. आमच्याकडे सूर्यनारायण बाराही महिने ठाण मांडून बसलेले; मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा आमचा मोठा सण उन्हाळ्यात नाही, तर थंडीत. सूर्य उत्तरेकडे वळतो त्या मकरसंक्रांतीच्या आगेमागे पाच दिवस सोलापूर 'असते'. तेव्हा ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वरांची यात्रा भरते. तिलाच आम्ही 'गड्डा' म्हणतो. आणि ही यात्रा म्हणजे एक लग्न आहे. साऱ्या गावाने मिळून लावलेले.

काठीशी लागलेले लग्न

बाराव्या शतकात या गावाचे नाव सोन्नलगी होते. येथे सिद्धराम जन्मले. लहान वयातच ते श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाच्या ओढीने घर सोडून गेले आणि परत येऊन त्यांनी या कोरड्या मुलखात लोकांच्या हातांनी तळे खोदले. बसवेश्वरांच्या मांदियाळीतले हे संत. त्यांची वचने कानडीत आहेत. तळ्याच्या मध्यभागी आज जे मंदिर आहे, तिथेच त्यांची समाधी. गावाभोवती त्यांनी ६८ लिंगे स्थापन केली, असे परंपरा सांगते.

आख्यायिका अशी की, एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांना मनोमन वरले आणि त्यांच्याकडे लग्नाची मागणी घातली. सिद्धराम पडले बालब्रह्मचारी योगी. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. ते लग्न सोलापूर आजही दरवर्षी लावते. योगदंडाचे प्रतीक म्हणून सात नंदिध्वज निघतात. आम्ही त्यांना नुसते 'काठ्या' म्हणतो. पण काठी म्हटल्यावर वाचकांनी हातातली छडी डोळ्यांपुढे आणू नये! दोन मजली घराहून उंच असा हा सजवलेला बांबू एकच माणूस कमरेच्या पट्ट्यात पेलून उभ्याने चालवतो, आणि भोवतालचे शेकडो लोक श्वास रोखून पाहत राहतात.

पहिला दिवस तेलाचा. हिरेहब्बूंच्या वाड्यातून काठ्या निघतात आणि ६८ लिंगांना तैलाभिषेक करीत गावभर फिरतात. या विधीचे नाव 'यण्णीमज्जन'. यण्णी म्हणजे कानडीत तेल आणि मज्जन म्हणजे स्नान. लग्नाआधी आपण नवरानवरीला तेल-हळद लावतो, तेच हे. दुसरा दिवस अक्षतांचा. तळ्याकाठच्या संमती कट्ट्यापाशी काठ्या येऊन उभ्या राहतात. हजारो पुरुष पांढरीशुभ्र बाराबंदी घालून आलेले, बायका ठेवणीतली लुगडी-शालू नेसून आलेल्या. गच्च्या, भिंती, झाडेसुद्धा माणसांनी भरलेली. संमतीचे वाचन होते आणि 'हर्र बोला हर्र'च्या गजरात चारी बाजूंनी अक्षता उधळल्या जातात. तेवढा एक क्षण हवाच पांढरी होऊन जाते. मंगलाष्टकाच्या वेळी कोपऱ्यात गप्पा मारणाऱ्या लग्नातल्या पाहुण्यांनी ही एकाग्रता एकदा येऊन पाहावी.

तिसऱ्या दिवशी पहिल्या काठीला नागफणी बांधतात. मग ती जड होते आणि चालवणाराची खरी परीक्षा लागते. रात्री होम मैदानावर होम. कडब्याच्या पेंढीला शालू नेसवतात, ती कुंभारकन्या. होमकुंडात तिला अग्नी दिला जातो. त्यानंतर दिवसभर उपाशी ठेवलेले एक वासरू आणतात आणि ते कशाला तोंड लावते, बिथरते की शांत राहते, यावरून येत्या वर्षाचे पाऊसपाणी आणि महागाई यांची भाकणूक सांगतात. चौथ्या रात्री शोभेचे दारूकाम. पाचव्या दिवशी काठ्यांची वस्त्रे उतरवायची, म्हणजे 'कप्पडकळी', की लग्नघर मोकळे झाले. लग्नघर मोकळे झाले, तरी मैदानावरचे पाळणे, मृत्यूगोल, बांगड्यांची आणि खेळण्यांची दुकाने पुढे कित्येक दिवस गजबजलेली असतात.

सातही काठ्यांचे मान निरनिराळ्या समाजांकडे वाटलेले आहेत. शेवटच्या दोन काठ्या मातंग समाजाच्या मानाच्या. गावात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार बोली नांदतात, आणि त्या पाच दिवसांत एकाच गल्लीत चारही ऐकू येतात. लग्नात सगळेच वऱ्हाडी. परका असा कोणी उरत नाही.

ती मुलगी कोण?

एकदा वर्गात लोककथांचा विषय चालला असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, कट्ट्याचं नाव संमती. पण त्या मुलीचं नाव काय? तिला सगळे कुंभारकन्याच का म्हणतात? आणि शेवटी अग्नीत तीच का जाते?" वर्ग एकदम शांत झाला. मी डेन्मार्कच्या त्या गवताच्या चेटकिणीची हकीकत सांगितली. दोन्हीकडे अग्नीत जाणारी बाईच आणि गवताचीच, एवढे साम्य मुलींच्या लगेच ध्यानात आले. तेवढ्यात मागच्या बाकावरची, पूर्व भागातल्या विणकराघरची एक मुलगी उठून म्हणाली, "पण सर, तिकडच्या बाईला लोक हाकलून देतात. आपण हिला शालू नेसवतो. आणि या गोष्टीत मागणी कोणी घातली? तिनंच ना?" पहिलीचे समाधान झाले नाही, आणि होऊही नये. तास संपल्यावरही दोघी व्हरांड्यात वाद घालीत उभ्या होत्या. आठशे वर्षांपूर्वीचे लग्न आजच्या मुलींना असे भांडायला लावते, तोवर ते जुने झाले असे मला तरी म्हणवत नाही.

लग्नाला आल्यावर गाव पाहा

तळ्याच्या काठावर उभे राहिले की समोरच भुईकोट किल्ला दिसतो. बहमनी काळातला हा किल्ला. त्याचाही लग्नाशीच संबंध. १५२४ साली विजापूरची राजकन्या अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. निजामशाहीचे म्हणणे, सोलापूर आंदण द्यायचे ठरले होते. आदिलशाहीने ते दिले नाही. झाले! या एका आंदणापायी दोन्ही घराणी सुमारे चाळीस वर्षे लढली. अखेर चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूर तिच्याबरोबर आंदण गेले, आणि मग १५६५ साली दोघे व्याही खांद्याला खांदा लावून तालिकोटच्या लढाईला उभे राहिले. आता पाहा, एकाच तळ्याच्या काठी दोन लग्नांच्या आठवणी आहेत. एकात गाव आंदण दिले गेले, दुसऱ्यात गावच वऱ्हाडी झाले. शहांच्या लग्नाची तारीख आम्हा शिक्षकांना पुस्तकात पाहावी लागते. कुंभाराच्या मुलीच्या लग्नाला मात्र दरवर्षी लाखो लोक येतात.

यात्रेच्या तोंडावरच १२ जानेवारी येते. १९३१ साली त्या दिवशी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे चौघे फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ऐन विशीतला अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात येथे इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला होता. त्यातून हा खटला उभा राहिला. ही चार नावे वाचताना सोलापूरची शिरगणतीच वाचल्यासारखे वाटते. त्यांचे पुतळे चार हुतात्मा चौकात आहेत. पुण्याहून येणारी हुतात्मा एक्सप्रेस त्यांच्याच नावाने धावते. आधी तिथे दोन फुले वाहावीत आणि मग यात्रेत शिरावे, हा आमच्या घरचा क्रम.

तिथून जवळच महापालिकेचे इंद्रभुवन. एकेकाळी अप्पासाहेब वारदांचा हा वाडा. त्याची नक्षी मान वर करून सावकाश पाहावी. भैय्या चौकातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे जन्मघर आता स्मारक झाले आहे. १९१० साली इथे जन्मलेला हा डॉक्टर चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता १९४२ साली तिथेच वारला. चादर घ्यायची असेल, तर पूर्व भागात जाऊन कारखान्यातच घ्यावी. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून ज्यांनी हे शहर वाढवले, त्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पण पद्मशाली विणकरांचे माग अजून खडखडत आहेत. तो आवाज ऐकून घेतलेली चादर जास्त ऊब देते.

एक दिवस हाताशी असेल, तर चाळीसेक किलोमीटरवर भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला जरूर जावे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या आद्य लेखांपैकी तो एक, आणि उजेडात आणला तो सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी. जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचे शब्द त्यात आहेत. मराठी शिकवणाऱ्या माणसाला याहून मोठा आशीर्वाद कोणता? आणि ज्ञानेश्वरीच्या कितीतरी आधीचे ते अक्षर सापडले एका कुंभारांनाच, हा योगायोगही मला फार आवडतो.

प्रवाशाची शिदोरी

मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी पोचवते. फेब्रुवारी १९२३ नव्हे, २०२३ पासून वंदे भारतही धावते, तीत झोपायची सोय नाही एवढेच. यात्रेचे दिवस पंचांगात पाहून घ्यावेत, आणि लॉजची खोली महिनाभर आधी सांगून ठेवावी. अक्षतांच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी सकाळीच जागा धरावी. मुलांचा हात सोडू नये. दुपारी ऊन लागते, पण होमाच्या रात्री स्वेटर हवाच.

जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि कांदा मागावा. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी. याच दिवसांत शेतांवर ज्वारीचा हुरडा तयार असतो. ओळखीचा कोणी शेतकरी नसेल, तर शेजारच्या वऱ्हाड्याला विचारावे. तो आपल्या मेहुण्याच्या शेतावर घेऊन जाईल. इथे प्रत्येकाचा एक तरी मेहुणा शेतकरी असतोच!

पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेली आमची मुले दिवाळीला घरी येतील न येतील. गड्ड्याला मात्र रजा काढून येतात. त्यांच्याबरोबर एखादा मित्र, एखादी मैत्रीण येते आणि मग वाड्यात गाद्या कमी पडतात. वाचकहो, तुम्हीही या. पत्रिकेची वाट पाहू नका. या लग्नाची पत्रिका कोणालाच येत नाही. बाराबंदी नसली तरी चालेल. मूठभर अक्षता कट्ट्यावर कोणीही हातात देईल.