स्पॉटिंग स्कोपला जोडा कॅमेरा : डिजिस्कोपिंगसाठी काय घ्यावे, काय टाळावे?

ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी उतरलेला रोहित पक्ष्यांचा थवा काठावरून एखाद्या गुलाबी रेघेसारखा दिसतो. त्यात गडद किरमिजी चोचीचे छोटे रोहित किती आणि गुलाबी चोचीचे टोक तेवढे काळे असलेले मोठे रोहित किती, हे नुसत्या डोळ्यांना उमगत नाही. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर बसवायची एकनळी दुर्बीण, हा फरक दाखवते. मात्र दिसलेले टिपून ठेवणे तिला जमत नाही. एखाद्या चिखल्याच्या पायात अभ्यासकांनी चढवलेल्या रंगीत पट्टीवरील अक्षरे वाचायची असतील, किंवा दुर्मीळ पक्ष्याची नोंद इतरांना पटवून द्यायची असेल, तर छायाचित्र हवेच. त्यासाठी लागणारी ६०० मि.मी.ची व्यावसायिक दर्जाची लेन्स आजमितीस दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. नोकरदार पक्षिनिरीक्षकाने तिचा विचार न केलेलाच बरा. मग स्कोपच्या नेत्रिकेला छोटा कॅमेरा जोडून छायाचित्र घेणे, हा मार्ग उरतो. त्यालाच ‘डिजिस्कोपिंग’ म्हणतात.

या तंत्राचे श्रेय मलेशियाचे पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांना दिले जाते. १९९९ मध्ये त्यांनी निकॉनचा ‘कूलपिक्स ९५०’ हा कॅमेरा लायकाच्या स्कोपच्या नेत्रिकेशी धरला आणि निघालेली चित्रे पाहून जगभरचे पक्षिप्रेमी चकित झाले. तो कॅमेरा जेमतेम दोन मेगापिक्सेलचा होता. तरीही तो आणि त्याच्या मागून आलेले ९९०, ९९५ व ४५०० हे भाऊबंद पुढची अनेक वर्षे डिजिस्कोपिंगचे लाडके राहिले. त्याचे कारण समजून घेतले, तर आजही कॅमेरा निवडताना चूक होण्याची शक्यता कमी होते.

स्कोपच्या नेत्रिकेतून बाहेर पडणारा प्रकाश तिच्या मागे थोड्याच अंतरावर एका लहानशा चकतीत एकवटतो. आपण डोळा नेमका तिथे नेतो. कॅमेऱ्याच्या भिंगालाही तिथेच पोहोचावे लागते. भिंग लांब राहिले की चित्राभोवती काळे वर्तुळ येते. कूलपिक्सचे झूम आतल्या आत सरकत असे, भिंग लहान होते आणि त्याच्या कडेला २८ मि.मी.चे आटे होते. त्यामुळे अॅडॅप्टर सरळ फिरवून बसवता येई. याउलट दहा, वीस, तीस पट झूम असलेल्या कॅमेऱ्यांत प्रकाशाचे द्वार लेन्सच्या खोल आत असते. नेत्रिका तिथवर पोहोचत नाही आणि काळे वर्तुळ काही केल्या जात नाही. डिजिस्कोपिंगच्या बाबतीत ‘जास्त झूम म्हणजे चांगला कॅमेरा’ हे दुकानातले गणित पूर्ण उलटे आहे. तीन ते चार पट झूम पुरेसे होते.

असे छोटे कॅमेरे आता बाजारातून जवळजवळ हद्दपार झाले आहेत. जुन्या बाजारात कॅननचा २०१० मधील ‘एस ९५’ किंवा सोनीचा २०१२ मधील पहिला ‘आरएक्स १००’ सुस्थितीत मिळाला, तर त्याचा विचार जरूर करावा. दोघांचेही झूम चौपटीच्या आत आहे. मात्र त्यांची लेन्स सुरू होताच पुढे येते आणि तिला आटे नाहीत. अॅडॅप्टर वेगळा शोधावा लागतो आणि लेन्स नेत्रिकेवर आदळणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

बहुतेकांसाठी मात्र सर्वांत स्वस्त कॅमेरा खिशातच असतो. मोबाइल फोनचे भिंग इवलेसे असते, हे इथे पथ्यावर पडते. ६० मि.मी. व्यासाचा स्कोप २० पटीवर ठेवला, की नेत्रिकेमागची प्रकाशाची चकती ३ मि.मी. रुंद असते, ६० ला २० ने भागले, एवढाच हिशेब. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे द्वारही साधारण तेवढेच असल्याने स्कोपने गोळा केलेला प्रकाश फारसा वाया जात नाही. हाच स्कोप ६० पटीवर नेला, तर चकती १ मि.मी.ची होते आणि प्रकाश नवव्या हिश्श्यावर येतो. चित्र काळवंडते, दाणेदार होते, हलते. जाहिरातीत ‘२०-६०’ असे ठळक छापलेले असले, तरी छायाचित्रासाठी त्यातला २० ते ३० एवढाच टप्पा खऱ्या उपयोगाचा असतो.

फोनचा मुख्य कॅमेरा सामान्यतः २६ मि.मी.च्या आसपासचे दृश्य घेतो. २० पटीच्या स्कोपला लावल्यावर २६ गुणिले २०, म्हणजे ५२० मि.मी.ची ताकद येते. काळी कड घालवण्यासाठी फोनवर सुमारे दुप्पट झूम करावे लागते, तेव्हा ती हजार मि.मी.च्या घरात जाते. इथेच अनेक भिंगांचे महागडे फोन दगा देतात. झूम करताच ते परस्पर दुसऱ्या भिंगाकडे वळतात आणि पडद्यावर अंधार होतो. मुख्य भिंग पक्के धरून ठेवण्याची सोय फोनमध्ये किंवा एखाद्या कॅमेरा अॅपमध्ये आहे का, हे आधी पाहावे. एका चांगल्या मुख्य भिंगाचा मध्यम किमतीचा फोन या कामी अनेकदा अधिक समजूतदार ठरतो.

अॅडॅप्टरवर मात्र कंजुषी करू नये. कुठल्याही फोनला बसणारे, स्प्रिंगच्या चिमट्याचे अॅडॅप्टर काही शे रुपयांत मिळतात. ते बसतात खरे, पण चटकन सरकतात. भिंग केंद्रात हवे, योग्य अंतरावर हवे आणि नेत्रिकेला समांतर हवे. यांतले एकही चुकले, तर चित्राची एक बाजू धूसर होते किंवा कोपऱ्यात काळी चंद्रकोर उमटते. म्हणून स्क्रूने आवळता येणारा, दोन्ही दिशांना सरकवून पक्का करता येणारा अॅडॅप्टर निवडावा. ठरावीक फोनसाठी खास कव्हर आणि ठरावीक नेत्रिकेसाठी खास कडे, अशी जोडी सर्वांत विश्वासार्ह असते; मात्र फोन बदलला की कव्हरही बदलावे लागते, हा खर्च गृहीत धरावा. खरेदीपूर्वी नेत्रिकेचा बाहेरचा व्यास रबरी कडेसह मोजून घ्यावा. नेमकी हीच गोष्ट विसरली जाते आणि अॅडॅप्टर परत पाठवण्याची वेळ येते.

आणखी एक कसोटी म्हणजे वेग. पक्षी आधी डोळ्याने शोधावा लागतो, मग फोन चढवायचा असतो. या कामाला अर्धे मिनिट लागले, तर तुतारी दुसऱ्या डबक्यावर गेलेली असते. हाताला हुन्नर असलेल्यांनी नळदुरुस्तीच्या दुकानातील पीव्हीसी जोड आणि जुने फोन कव्हर वापरूनही उत्तम अॅडॅप्टर बनवले आहेत. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. ज्याच्याकडे स्कोप नाही आणि ज्याला केवळ छायाचित्रेच हवी आहेत, त्याने त्यासाठी स्कोप विकत घेण्यात अर्थ नाही. २०१५ मधील निकॉनच्या ‘पी ९००’सारखा ८३ पट झूमचा कॅमेरा त्याला अधिक सोयीचा पडेल. उडता पक्षी टिपणे तर डिजिस्कोपिंगच्या आवाक्याबाहेरच आहे. हे तंत्र आधी पाहणाऱ्याचे आणि मग टिपणाऱ्याचे आहे. भिगवणच्या पाण्यावर किंवा नांदूर मधमेश्वरला पट्टकादंब पक्ष्यांना न उठवता दुरूनच त्यांची नोंद घेणे, हे त्याचे खरे क्षेत्र.

ट्रायपॉड हलका घेतला, तर वरची सगळी बचत वाऱ्यावर जाते. मधला दांडा वर न काढता पाय पसरून ठेवावा आणि मागे लागलेल्या फोनच्या वजनामुळे स्कोप कलत असेल, तर तो थोडा पुढे सरकवून तोल साधावा. फोनला बोट लावण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर किंवा ब्लूटूथचे बटण वापरावे. बगळ्यासारखा पांढरा पक्षी असेल, तर प्रकाश एक-दोन पायऱ्या उतरवावा, नाहीतर पिसांच्या जागी नुसता पांढरा डाग येतो. आणि दलदलीवर ऊन चढू लागले, की तापलेल्या हवेच्या लाटांत कोणतेही भिंग स्पष्ट चित्र देत नाही. तेव्हा फोन उतरवून ठेवावा आणि पक्षी डोळ्यानेच पाहावेत.