अंजिराचा हंगाम नव्हता, तरीही

मार्कच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात एक अंजिराचं झाड आहे. त्याच्यापाशी भोर-पुरंदरकडचा वाचक हटकून अडखळतो. येशू सकाळी बेथानीहून यरुशलेमला निघालाय, भूक लागली आहे. लांबून पानांनी भरलेलं अंजीर दिसतं. जवळ जाऊन बघतो तर नुसताच पाला. मार्क तिथेच सांगून मोकळा होतो की तो अंजिराचा हंगामच नव्हता. तरीही येशू झाडाला शाप देतो आणि दुसऱ्या दिवशी ते मुळापासून वाळलेलं दिसतं.

हंगाम नसताना फळ मागायचं आणि मिळालं नाही म्हणून झाड वाळवायचं, हा कुठला न्याय? बर्ट्रंड रसेल यांनी १९२७ साली ‘मी ख्रिस्ती का नाही’ या व्याख्यानात नेमकं हेच झाड पुढे केलं होतं. पण भोर तालुक्यातल्या कामथडीच्या माणसाला त्यासाठी रसेल लागत नाहीत. कापूरहोळला आलं की नारायणपूरमार्गे सासवडचा रस्ता फुटतो, आणि पुरंदरचं अंजीर २०१६ पासून भौगोलिक मानांकनाचं आहे. ज्याने बहार धरलाय, त्याला हे वचन आधीच बोचतं.

ना हिब्रू येत, ना ग्रीक, घरात एक मराठी बायबल आणि एक वही. एवढ्यावर हे कोडं किती सुटतं ते पाहू. बरंच सुटतं, असं माझं मत आहे.

सुरुवात टीकाग्रंथापासून करू नये. बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली आहे, इतरांच्याही आहेत, पण त्या नंतर उघडाव्यात. आधीच उत्तर वाचलं की मजकूर दिसायचा बंद होतो. तसंच छापील मथळे आणि आकडे यांच्याकडे काही वेळ काणाडोळा करावा. अध्याय पडले तेराव्या शतकात, स्टीफन लँग्टन यांच्या हातून. नव्या करारातल्या वचनांना आजचे आकडे १५५१मध्ये रोबेर एस्तियेन या छापखानेवाल्याने दिले. मार्कने लिहिताना यातलं काहीच नव्हतं. आपण मात्र तीन वचनं चिमट्यात धरून उचलतो आणि मग ती कळत नाहीत म्हणून तक्रार करतो.

म्हणून अकरावा अध्याय एका दमात, शक्यतो मोठ्याने वाचायचा, आणि वहीत फक्त क्रम उतरवायचा. पहिल्या संध्याकाळी येशू मंदिरात शिरतो, सगळीकडे नजर फिरवतो आणि उशीर झाला म्हणून परत जातो. सकाळी अंजिराचं झाड. मग मंदिरात सराफांचे चौरंग आणि कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठका उलथवणं. त्याच्या दुसऱ्या सकाळी पुन्हा झाड, वाळलेलं. म्हणजे झाडाची गोष्ट मधोमध चिरून तिच्या पोटात मंदिराची गोष्ट घातली आहे.

हा योगायोग की मार्कची खोड? पाचवा अध्याय काढा. याइराची मुलगी आजारी आहे, येशू तिच्या घरी निघतो, वाटेत रक्तस्रावाने गांजलेली बाई येते, तिची हकिगत पुरी होते आणि मग आपण मुलीपाशी पोचतो. सहाव्यातही तसंच: शिष्य कामगिरीवर जातात, मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद, मग शिष्य परत. ही त्याची सांगण्याची रीतच आहे. बाहेरची गोष्ट आतलीवर उजेड पाडते. तेव्हा झाडाचा निकाल लावायचा तर तो मंदिराशी ताडूनच.

आता समासातले संदर्भ. पुष्कळ जण ते वाचतच नाहीत. मला विचाराल तर हौशी अभ्यासकाचं तेच खरं भांडवल. मंदिरात येशू जे बोलतो त्यातला अर्धा भाग यशया ५६चा आणि अर्धा, चोरांच्या अड्ड्याचा, यिर्मया ७:११चा. यिर्मया उघडल्यावर त्या एका वचनावर थांबू नका, मागचं-पुढचंही वाचा. संदेष्टा मंदिराच्या दारात उभा राहून सांगतोय की देवाचं मंदिर आहे म्हणून आम्ही सुरक्षित, या भरवशावर राहू नका. आणि थोडं पुढे, ८:१३मध्ये, अंजिरावर अंजीर नाही आणि पानही सुकलंय. येशूच्या तोंडी ज्या प्रवचनातलं वाक्य आहे, त्याच्याच पुढच्या पानावर ते झाड उभं होतं! होशेय ९:१० आणि मीखा ७:१ इथेही पहिलं अंजीर म्हणजे देवाने लोकांकडून अपेक्षिलेलं काहीतरी आहे. जुन्या करारावर वाढलेल्या श्रोत्याला वाळलेलं झाड कशाबद्दल आहे ते वेगळं सांगावं लागलं नसणार. पाला भरपूर, वर्दळ भरपूर, फळ नाही.

आपल्या बागेचं ज्ञान इथे कामाला येतं, पण जपून. पुरंदरला छाटणी करून बहार धरतात. खट्टा बहार हिवाळ्याच्या सुमारास येतो, मीठा बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि नव्या फुटीवर पानाच्या बेचक्यात फळ धरतं. तिकडची रीत निराळी. येशू यरुशलेमला आला तो वल्हांडणाच्या सणासाठी, आणि तो सण मार्च-एप्रिलात येतो. त्या दिवसांत तिथल्या अंजिराला गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर बारीक कच्ची फळं लागतात, पानांच्या आगेमागे. मुख्य पीक उन्हाळा सरता सरता. म्हणून काही टीकाकार म्हणतात, पानं होती म्हणजे ती कच्ची फळं तरी असायला हवी होती; झाडाने नुसता देखावा केला. उपयोगी माहिती आहे. पण एवढ्यावर समाधान मानणं मला पटत नाही. हंगाम नव्हता हे मार्कने स्वतःहून सांगितलंय. झाडावर खापर फोडायचं असतं तर त्याने ते वाक्य गाळलं असतं. मत्तयने (२१:१८-२२) गाळलंच आहे, शिवाय त्याच्याकडे झाड तिथल्या तिथे वाळतं. मार्कने ती अडचण ठेवली, याचा अर्थ वाचकाने झाडापाशी अडखळून मंदिराकडे बघावं अशी त्याची इच्छा असावी.

लूकमध्ये हा शाप नाहीच. तिथे १३:६-९मध्ये दृष्टांत आहे: तीन वर्षं फळ न देणारं अंजीर, मालक तोडायला निघालेला, आणि आळं खणून खत घालतो, आणखी एक वर्ष द्या म्हणणारा माळी. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत, पण एकाचा गोडवा दुसऱ्यात ओतू नये.

शेवटी दोन-तीन भाषांतरं समोर ठेवायची. बायबल सोसायटीचं घरोघरी असतंच. पंडिता रमाबाईंचं मिळालं तर सोडू नये. दौंड तालुक्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक स्वतः शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत ते केलं. एप्रिल १९२२मध्ये त्या वारल्या आणि १९२४मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर आला. भाषांतरं ताडताना मार्कच्या याच अध्यायातल्या २६व्या वचनाकडे बघा: कुठे ते कंसात, कुठे तळटिपेत. कारण सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते नाही. मत्तय ६:१५वरून नकलकाराने आणलेलं दिसतं. यात बिचकण्यासारखं काही नाही. संत एकनाथांनी शके १५०६मध्ये पाठभेद निवडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेही याच जातीचं काम.

एवढं करूनही २३वं वचन उरतं, डोंगराला समुद्रात पड म्हणण्याचं. विश्वासाने मागाल ते मिळेल, असा त्याचा सरळ अर्थ घेऊन आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्यांना मी पाहिलंय, आणि माणूस गेल्यावर घरच्यांवर विश्वास कमी पडल्याचा ठपका येतो तोही. त्या वेळी समोर दिसणारा डोंगर मंदिराचाच होता, म्हणून हेही मंदिराबद्दलच, असं काही अभ्यासक धरतात. काही धरत नाहीत. वहीत हे प्रश्न म्हणूनच लिहून ठेवावं आणि पुण्याला जाणं झालं की बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत ग्रीक जाणणाऱ्या कुणाला तरी वही दाखवावी.