करोल बागेशेजारचा 'रिज' हिरवा, पण सुदृढ आहे का? उत्तर वन्यजीवांकडे

नवी दिल्ली : करोल बागेच्या गजबजलेल्या बाजारपेठेला लागूनच दिल्लीचा मध्य 'रिज' सुरू होतो. अरवली पर्वतरांगेचे उत्तर टोक राजधानीत चार तुकड्यांत शिल्लक असून सुमारे ८६४ हेक्टरचा हा पट्टा त्यांपैकी एक होय. त्याची उंची सह्याद्रीच्या माणसाला डोंगर वाटावी अशी नाही. तथापि वनशास्त्र या डोंगररांगेवरील जंगलाची गणना उष्णकटिबंधीय काटेरी वनांत करते. १९९४ मध्ये 'रिज' राखीव वन म्हणून अधिसूचित झाला. उपग्रहाच्या छायाचित्रात तो आजही हिरवागार दिसतो. ही हिरवाई जंगलाच्या प्रकृतीविषयी नेमके काय सांगते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार, एक हेक्टर वा त्याहून अधिक क्षेत्रावर वृक्षांचे छत्र १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती जमीन वनाच्छादित ठरते. झाडे कोणत्या जातीची आहेत, ती लावलेली आहेत की आपोआप वाढलेली, याचा त्या मोजणीशी संबंध नसतो. देशभराचा आढावा घेण्यासाठी ही पद्धत सोयीची आहे. पण 'रिज'सारख्या ठिकाणी ती निम्मेच चित्र दाखवते. कारण येथील हिरवाईचा मोठा भाग वेड्या बाभळीचा आहे. दिल्लीकर तिला 'विलायती कीकर' म्हणतात. मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, नव्या राजधानीची उभारणी सुरू असताना, ओसाड टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून येथे लावण्यात आली. ती झपाट्याने फोफावली आणि धौ, पळस, खैर, हिवर, बोर यांची जागा आक्रसत गेली.

एकेकाळी येथे शिकार होती, याची साक्ष एक पडकी वास्तू देते. करोल बाग आणि झंडेवालान यांच्या सीमेवर, 'रिज'च्या कडेला असलेला भुली भटियारीचा महाल हे चौदाव्या शतकातील फिरोजशाह तुघलकाच्या काळचे शिकारगृह मानले जाते. आता तेथे सर्वांत ठळकपणे दिसतात ती माकडे. त्यांची संख्या पाहून जंगल समृद्ध आहे असे मानणे चुकीचे ठरेल. येणारे-जाणारे केळी आणि चणे घालतात, कचऱ्यातही खाद्य मिळते. त्यामुळे माकडांची गर्दी जंगलापेक्षा शहराच्या सवयींबद्दलच अधिक सांगते. झुडपांतून रात्री फिरणारा कोल्हा हा त्या मानाने अधिक भरवशाचा साक्षीदार आहे. तो उंदीर, पक्षी, किडे खातो आणि बोरेही खातो. बोरांच्या बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात व रुजतात. म्हणजे कोल्हा टिकला, तर स्थानिक झाडांचा एक पेरणारा टिकला.

कोणता प्राणी काय सांगतो, हे समजून घ्यायला सह्याद्री अधिक सोयीचा आहे. करोल बागेत सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात असलेली अनेक मराठी गलाई कुटुंबे सांगली जिल्ह्यातील. ती बहुतांशी जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागातून आलेली. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला चांदोलीचे दाट जंगल आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू या डोंगररांगांत राहतो. तो क्वचितच जमिनीवर उतरतो, फांदीवरून फांदीवर जातो. वाटेतली चार मोठी झाडे तुटली तरी त्याचा मार्ग खुंटतो. त्यामुळे शेकरू जेथे मुक्त वावरतो, तेथे वृक्षांचे छत सलग आहे असे समजावे. त्याच्यासाठीच १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले.

धनेश झाडांचे वय सांगतो. त्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बारीक फटीतून तिला फळे भरवतो. अशी ढोली कोवळ्या झाडात होत नाही. जुने वृक्ष आणि वर्षभर फळणारे वड, उंबर असतील तरच त्याची वीण होते. राखी धनेश दिल्लीतही आहे, पण तो हमखास दिसतो तो मध्य दिल्लीच्या रस्त्यांकडेच्या जुन्या झाडांवर.

पाण्याची खबर बेडकांकडे असते. त्यांची पातळ, ओलसर त्वचा श्वसनालाही उपयोगी पडते, त्यामुळे दूषित पाणी आणि बदललेला पाऊस यांचा फटका त्यांना आधी बसतो. २००९ मध्ये शास्त्रीय नोंद झालेला आंबोलीचा भेक जांभ्या खडकावर साचणाऱ्या पावसाच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. पाऊस लांबला, की ती डबकी आटतात.

वाघाचा निरोप मात्र जपून वाचावा लागतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये स्थापन झाला आणि २०१८ मध्ये चांदोलीत स्वयंचलित कॅमेऱ्याने वाघ टिपला. एक वाघ दिसला म्हणजे तेथे सांबर, भेकर, रानडुक्कर मुबलक आहेत असे नव्हे. त्यावरून दक्षिणेकडील जंगलांशी जोडणारी वाट अजून पुरती बंद झालेली नाही, इतकेच कळते. वाघीण पिले वाढवू लागली, तर तो निराळा पुरावा.

हीच कसोटी दिल्लीला लावता येते. दक्षिणेकडील असोला-भाटी अभयारण्यात कॅमेऱ्यांनी बिबट्या आणि तरस टिपले आहेत, कारण ते क्षेत्र हरियाणातील अरवलीशी अद्याप जोडलेले आहे. मध्य 'रिज' मात्र चहूबाजूंनी रस्ते आणि वस्तीने वेढलेला आहे. वसंत विहारलगतच्या अरवली जैवविविधता उद्यानात, जेथे पूर्वी खाणी होत्या, तेथे दिल्ली विकास प्राधिकरण व दिल्ली विद्यापीठाने स्थानिक वनस्पती पुन्हा रुजवल्या आणि त्यापाठोपाठ पक्षी व फुलपाखरे परतली. सरसकट तोड न करता वेड्या बाभळीचे छत विरळ करून खाली स्थानिक रोपे लावण्याची हीच पद्धत मध्य 'रिज'साठीही पुढे आली आहे. तेथे नवी झाडे छत धरेपर्यंत उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग काही काळ फिका दिसेल. त्या काळात मोजायची आहेत ती कोल्ह्याची बिळे आणि बोरीखाली उगवलेली रोपे.