पाच पानं, एकच बदली

सिक्वेन्स मोठा की कलर? दिवाळीत तीन पत्ती खेळणारा कुणीही क्षणाचाही विचार न करता ‘सिक्वेन्स’ म्हणेल. तोच खेळाडू पोकरला बसला की बुचकळ्यात पडतो, कारण तिथे कलर सिक्वेन्सला मारतो. हा नियम कुणाच्या लहरीतून आलेला नाही. ५२ पानांतून तीन पानं उचलली, तर २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानं उचलली, तर हात होतात २५,९८,९६०. त्यांत साधे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. दोनच पानं वाढली आणि क्रम उलटला. जे क्वचित मिळतं ते मोठं, या एका तत्त्वावर पोकरची सगळी उतरंड उभी आहे.

पोकरचे प्रकार अनेक आहेत. टीव्हीवर दिसतो तो बहुतेक वेळा टेक्सास होल्डेम. नवशिक्याने मात्र सुरुवात ‘फाइव्ह कार्ड ड्रॉ’पासून करावी, असं मला मनापासून वाटतं. पाच पानं, एकदा बदली, दोनदा बोली, मग शो. एवढ्यात पोकरचा गाभा हाती लागतो.

बोटीवरचा खेळ

हा खेळ वाढला तो अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरच्या वाफेच्या बोटींवर. जोसेफ कॉवेल हा इंग्रज नट १८२९ मध्ये लुइव्हिलहून न्यू ऑर्लिन्सला बोटीने निघाला होता. त्या प्रवासात पाहिलेल्या पोकरचं वर्णन त्याने आपल्या आठवणींत केलं आहे. त्या काळी एक्क्यापासून दश्शीपर्यंतची २० पानंच वापरत. चौघांना पाच-पाच पानं वाटली की कॅट संपला, म्हणजे बदलीला पानच उरत नसे. पुढे ५२ पानांचा कॅट आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बदलीची पद्धत रुळली. १८७० च्या दशकात लंडनमधले अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट शेंक यांनी यजमानांच्या आग्रहावरून ड्रॉ पोकरचे नियम लिहून दिले, आणि हा नदीवरचा खेळ विलायतेतल्या दिवाणखान्यांत पोहोचला.

उतरंड आणि डाव

सर्वांत वर स्ट्रेट फ्लश, म्हणजे एकाच रंगाची ओळीने पाच पानं. असे हात अवघे ४०. मग एकसारखी चार पानं (६२४), नंतर फुल हाउस, म्हणजे तीन एकसारखी आणि एक जोडी (३,७४४). त्याखाली कलर, म्हणजे एकाच रंगाची पण ओळीने नसलेली पाच पानं, मग सिक्वेन्स, म्हणजे वेगवेगळ्या रंगांची ओळीने पाच, तीन एकसारखी (५४,९१२), दोन जोड्या (१,२३,५५२) आणि एक जोडी (१०,९८,२४०). उरलेल्या १३ लाखांवर हातांत यांतलं काहीच नसतं, तिथे सर्वांत मोठं पान पाहतात. म्हणजे वाटलेल्या हातांपैकी निम्म्या हातांत साधी जोडीही नसते. हातात जोडी नाही म्हणून नवशिक्याने हिरमुसून जाऊ नये.

चार-पाच जण बसावेत. प्रत्येकाने बूट म्हणून एक चिंचोका मध्ये टाकावा. वाटणाऱ्याने कॅट पिसून प्रत्येकाला एकेक करत पाच पानं पालथी द्यावीत. मग त्याच्या डावीकडून पहिली बोली सुरू होते. समोरच्याच्या चालीइतके चिंचोके टाकावेत, वाढवावेत किंवा पॅक व्हावं, म्हणजे पानं टाकून डाव सोडावा. बोली मिटली की नको असलेली पानं पालथी टाकून तितकीच नवी घ्यायची. घरगुती खेळात ही मर्यादा बहुधा तीन पानांची असते. मग दुसरी बोली आणि शेवटी शो. बाकीचे सगळे पॅक झाले, तर उरलेला खेळाडू पानं न दाखवताच मधले चिंचोके उचलतो.

बदलीचं गणित

तुमची पाच पानं तुम्ही पाहिलीत, न पाहिलेली उरली ४७. ती कॅटमध्ये आहेत की इतरांच्या हातात, याने हिशोब बदलत नाही. समजा, तुमच्याकडे चार बदाम आणि एक इस्पिक आहे. इस्पिक टाकलंत, तर ४७ पैकी ९ पानं कामाची, म्हणजे सुमारे १९ टक्के संधी. पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी असेल, तर चौव्वी किंवा नव्वी चालेल. आठ पानं, १७ टक्के. पण पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी असेल, तर फक्त सत्ती हवी. चार पानं, साडेआठ टक्के. मधली फट भरायच्या आशेने नवशिके सर्वाधिक चिंचोके घालवतात. जोडी ठेवून तीन पानं घेतली, तर हात सुधारण्याची शक्यता सुमारे २९ टक्के.

आता ही टक्केवारी मध्ये साठलेल्या चिंचोक्यांशी जुळवा. मध्ये ३० आहेत आणि पानं बदलायला तुम्हाला ५ टाकायचे आहेत. सात वेळांत एकदा जिंकलात तरी बरोबरी होते, आणि कलर पाच वेळांत जवळपास एकदा लागतो. टाका. मध्ये १० च असतील, तर तीनातून एकदा जिंकावं लागेल. पॅक व्हा.

समोरच्याने किती मागितली?

ड्रॉ पोकरमध्ये पानं सगळीच झाकलेली असतात, म्हणून समोरचा किती पानं बदलतो याला फार महत्त्व येतं. तीन घेतली तर बहुधा जोडी. दोन घेतली तर तीन एकसारखी, किंवा जोडीसोबत मुद्दाम धरून ठेवलेला एक्का. एक घेतलं तर दोन जोड्या, नाहीतर कलर-सिक्वेन्सची वाट पाहणारा. एकही घेतलं नाही तर हात तयार आहे, किंवा निव्वळ ब्लफ, म्हणजे वाईट हात मोठा असल्याचा आव.

ब्लफ म्हणजे फक्त चेहरा लपवणं नव्हे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबतच्या ग्रंथात पोकरचं सोपं प्रतिरूप मांडलं. त्यांचा निष्कर्ष असा की, मोठी बोली उत्तम हातावर लावावी आणि अधूनमधून अगदी वाईट हातावरही. मधल्या हातावर शांत राहावं. चांगला हात आला तेव्हाच तुम्ही बोली वाढवता हे एकदा कळलं, की सगळे लगेच पॅक होतात आणि उत्तम हातही वाया जातो.

चिंचोकेच का?

महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधाचा कायदा १८८७ पासून आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने देशभर बंदी आणली. पण चिंचोके सुचवण्यामागे माझं कारण वेगळं आहे. पैसा आला की हरलेला माणूस भरपाईच्या मागे लागतो, आणि विचार तिथेच थांबतो. चिंचोके मात्र मोजून द्यावेत, प्रत्येकी पन्नास. संपले की रात्रभर पुन्हा नाहीत. फुकट आणि अमर्याद असतील, तर कुणीच पॅक होणार नाही आणि ब्लफला अर्थ उरणार नाही.

पहिले काही डाव पानं उघडी ठेवून खेळा. कुणी काय टाकलं आणि का, हे प्रत्येकाने मोठ्याने सांगावं. पुढे पानं झाकल्यावरही डाव संपला की कोण जिंकलं यापेक्षा बदली करताना काय माहीत होतं, याचीच चर्चा करा. योग्य निर्णय घेऊनही माणूस हरतो आणि चुकीचा घेऊन जिंकतो. निर्णय आणि निकाल वेगळे तोलायची ही सवय मुलांना लागली, तर ती पत्त्यांपलीकडेही त्यांच्या उपयोगी पडेल.