दिवेलागणीचं रडं

बाळ नीट दूध पितं, वजन वाढतंय, ताप नाही. तरी संध्याकाळ झाली की मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन टाहो फोडतं. हाच कोलिक. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांनी १९५४ मध्ये त्याचं माप ठरवलं: दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यातून ३ दिवसांहून जास्त, असं ३ आठवड्यांहून अधिक काळ रडणं. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही, त्यामुळे बाळंतिणीच्या खाण्यावर खापर फोडायची घाई नको. सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडं शिगेला पोहोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं.

तोवर खांद्याशी उभं धरून ढेकर काढा, छातीशी घेऊन फेऱ्या मारा, दिवे मंद करा. बेंबीभोवती हिंगाचा लेप आजी लावतातच. कातडी लाल होत नसेल तर त्यावरून वाद कशाला? गुटी आणि ग्राइप वॉटर मात्र पोटात नको.

स्वतःचाच तोल जाऊ लागला तर बाळाला सुरक्षित जागी उताणं निजवून पाच मिनिटं खोलीबाहेर जा. गदागदा हलवणं बाळाच्या जिवावर बेतू शकतं. ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, किंवा दूध ओढेनासं झालं, तर मध्यरात्रीही दवाखाना गाठा.